बारा-तेराचा संसार

हत्यारांची आवड असणाऱ्या माणसांचे तीन प्रकार असतात. पहिला हत्यारे वापरणाऱ्यांचा, दुसरा विकत घेणाऱ्यांचा आणि तिसरा मागून नेणाऱ्यांचा. तिसऱ्या प्रकाराशी पुढे गाठ पडणारच आहे. पहिला प्रकार पाहायचा असेल तर आमच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरात जावे. तिथे लेथवर उभा असलेला मिसरूड न फुटलेला पोरगा नट नुसता बोटात फिरवून त्याचे माप सांगतो, आणि मापायला गेलात तर मोजपट्टीच ओशाळते. दुसऱ्या प्रकारात तुम्ही-आम्ही. पांढरपेशा गृहस्थाला काचेच्या कपाटात ओळीने लावलेले पाने दिसले की त्याच्या डोळ्यांत जे भाव उमटतात, ते त्याच्या पत्नीच्या डोळ्यांत फक्त पैठणीच्या दुकानात उमटतात. फरक इतकाच, की पैठणी निदान भाच्याच्या लग्नात तरी बाहेर निघते.

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला हत्यारे ठाऊक असतात ती तीन : स्टेपलर, पंच आणि शिक्का. त्यातला शिक्का जोरात मारायचा असतो एवढेच काय ते आमचे लोहारकाम. तेव्हा माझ्यासारख्याने घरच्या गॅरेजात वर्कशॉप थाटायचे ठरवले यात हौसेचा भाग किती आणि नाइलाजाचा किती, हा हिशेब आधी मांडला पाहिजे. बी.कॉम. झालेला माणूस जमाखर्च मांडल्याशिवाय साधा पाना उचलत नाही.

नाइलाज असा. बाबांची १९८८ सालची चेतक आहे. चेतक बाजारात आली १९७२ साली, आणि नंतरची कित्येक वर्षे ती पैसे देऊन मिळत नसे. पैसे भरून वाट पाहिली की मिळे. मुलगा जन्मला की नंबर लावायचा आणि तो शाळेत जायला लागला की त्याला पुढे उभा करून स्कूटर घरी आणायची, असा तो काळ. २००५ च्या सुमारास हिचे उत्पादन थांबले. २०२० च्या जानेवारीत याच नावाची विजेवर चालणारी गाडी आली, पण बाबा तिला चेतक म्हणत नाहीत. 'जिला किक नाही तो घोडा कसला?' हा त्यांचा सवाल, आणि राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेतलेल्या गाडीबद्दल तो गैरलागू म्हणता येत नाही.

या गाडीचे धन्वंतरी म्हणजे आमचे मेस्त्री. (पुण्यात यांना मेकॅनिक म्हणतात. कोल्हापुरात मेस्त्री.) पस्तीस वर्षे एका वडाखाली दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाकडे आणि वडाच्या पारंब्यांना अडकवलेल्या क्लच वायरी. गेल्या वर्षी त्यांनी चहा पिता पिता सांगितले, "सायेब, पाडव्याला दुकान बंद करायचं म्हंतोय."

"का हो?"

"गुडघं न्हाई चालत. आन् पोरगं पुण्याला हाय. त्ये गाडीला लॅपटॉप लावतंय. हाताला काळं लागत न्हाई त्येच्या." हे शेवटचे वाक्य तक्रार म्हणून सांगितले की अभिमान म्हणून, ते मला अजून कळलेले नाही. "ह्या तुमच्या गाडीला हात लावणारा आता कोण न्हाई बगा. तुमीच शिका."

पोराचेही खरेच आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-सहाच्या झाल्या. दुचाकीतसुद्धा कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. पेट्रोल किती सोडायचे ते आता कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो बिघडला की त्याच्याशी बोलायला दुसरा कॉम्प्युटर लागतो. आमच्या चेतकशी मात्र पाच पाने आणि थोड्या शिव्या एवढ्यावर संवाद होऊ शकतो. तोही करणारा उरणार नसेल तर गाडी भंगारात. आणि ती भंगारात गेली तर बाबांनी सकाळी उठून कापडाने पुसायचे काय? आईला जाऊन चार वर्षे झाली. हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारला नाही. म्हणूनच मेस्त्रींचे म्हणणे मी मनावर घेतले.

गॅरेज होतेच. १९८९ साली घर बांधताना बाबांनी पुढेमागे मोटार येईल म्हणून दहा बाय अठराची खोली काढून ठेवली. मोटार आली २०११ साली. तोपर्यंत खोलीत माझा पाळणा, पितळी बंब, तीन आकाशकंदील, मोडकी शिवणयंत्रे दोन आणि 'असू दे, लागेल' या सदरात मोडणाऱ्या वस्तू अशा काही ठाण मांडून बसल्या होत्या, की आमच्या मोटारीने गॅरेज आतून अजून पाहिलेले नाही. ती रस्त्यावर कडुनिंबाखाली उभी असते आणि कावळे तिची नियमित नोंद घेतात.

गॅरेज रिकामे करण्याबाबत आमच्या घरात ज्या वाटाघाटी झाल्या त्या इथे सांगत नाही. एवढेच सांगतो, की पाळणा राहिला. तो आता छताला टांगला आहे आणि त्यात जुन्या ट्यूब ठेवल्या आहेत.

मेस्त्रींनी यादी सांगितली आणि मी ती पैसे काढायच्या स्लिपच्या मागे लिहून घेतली. पाने, पक्कड, हातोडी, पेचकस, कानस, प्लगचा पाना. इतकेच? मी निराश झालो. दुकानात मी एक सुंदर निळी पेटी हेरून ठेवली होती. सुटकेससारखी उघडणारी, आत एकशेआठ नग, प्रत्येकाला त्याच्या आकाराचा खळगा. मेस्त्रींनी ऐकले, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "एकशेआठ जपमाळेला लागत्यात. गाडीला पाच बास."

त्या पाचांतही खरा मालक एक. बारा-तेरा. दुतोंडी पाना असतो, एका तोंडाला बारा मिलिमीटर, दुसऱ्याला तेरा. आठ-नऊ, दहा-अकरा, चौदा-पंधरा ही त्याची भावंडे. पण घरात कर्ता मुलगा एकच असतो तसे चेतकच्या अंगावर जिथे हात लावाल तिथे बारा-तेराचे काम निघते. चाक काढायचे? बारा-तेरा. चाकही कसे, पाच नट सोडवले की हातात येते. पुढचे मागे, मागचे पुढे, आणि स्टेपनी दोन्हीकडे. या 'स्टेपनी' शब्दाचीही गंमत आहे. वेल्स देशात लानेली म्हणून गाव आहे. तिथल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जास्तीचे चाक बनवले, आणि त्या रस्त्याचे नाव त्या चाकाला चिकटले. आपण मात्र तो शब्द इतक्या जिव्हाळ्याने जवळ केला की पुढे त्याचे जे अर्थ झाले ते कौटुंबिक पुस्तकात देता येत नाहीत.

हे मिलिमीटरही सुखासुखी आलेले नाहीत. आपल्याकडे मेट्रिक मापे लागू व्हायला सुरुवात झाली १९५८ च्या ऑक्टोबरात. त्याआधी सगळा इंचांचा आणि दोऱ्यांचा कारभार. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या साहेबाने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. तोवर प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा, म्हणजे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. थोडक्यात, त्यांच्यातही पत्रिका जुळायला लागे. मद्रासला १९५५ पासून बुलेट बनू लागली ती विलायती आट्यांचा वारसा घेऊनच. म्हणून जुन्या बुलेटवाल्याकडे पान्यांची दोन घराणी नांदतात. मिलिमीटरचा पाना इंचाच्या नटाला 'जवळजवळ' बसतो. हा 'जवळजवळ' फार घातकी. नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, आणि गोल नट म्हणजे कोपरेच नसलेला माणूस : धरायचा कुठे?

याच कारणासाठी रिंग पाना आणि उघडा पाना यांत मेस्त्री भेद करीत. उघडा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना आणि गोटी सहाही बाजूंना मिठी मारतात. म्हणून गंजका, हट्टी नट आधी रिंगने हलवायचा आणि एकदा का तो नरमला की उघड्या पान्याने भराभर काढायचा. बँकेतही आम्ही थकबाकीदाराला असेच हाताळतो, पण आमच्याकडे रिंग पाना वरून मंजूर होऊन येईपर्यंत नट देशाबाहेर गेलेला असतो.

पेचकसाचे प्रकरण अधिक नाजूक. जपानी बनावटीच्या गाड्यांवर जो चौफुलीचा स्क्रू असतो तो आपल्या नेहमीच्या फिलिप्स पेचकसासाठी केलेला नसतो. दिसतो तसाच, पण त्यांचे प्रमाण वेगळे. आपला पेचकस त्यात बसतो, जोर दिला की उसळतो आणि स्क्रूची फुली जाऊन तिथे खड्डा राहतो. अशा रुसलेल्या स्क्रूसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाची वस्तू मिळते. हिच्या डोक्यात हातोडी घातली की ती खाली दाबता दाबता थोडी फिरते. रुसवा काढायचा हा मार्ग घरात चालत नाही, गाडीवर हमखास चालतो.

सामान झाले, आता ते ठेवणार कशावर? बेंच हवा. आमच्या आजीचा सागवानी पलंग मोडून बेंच केला. व्हाइस त्याच्यावर बसवला. व्हाइसचा जबडा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावा असा नियम आहे, म्हणजे कानस चालवताना पाठ वाकत नाही. सुताराने विचारले, कोणाच्या कोपराच्या? मी बाबांना उभे केले. बाबा माझ्यापेक्षा चार बोटे बुटके आहेत. बेंच त्यांच्या मापाचा झाला. सुताराला वाटले मी माप विसरलो. मी काही बोललो नाही.

उजेडाला एलईडीच्या दोन नळ्या, समोरासमोर. एकच दिवा पाठीमागे असला की आपलीच सावली कामावर पडते आणि नेमका जो स्क्रू शोधायचा तोच अंधारात जातो. एक वाळूची बादली आणि एक पावडरचे अग्निशामक दाराशी, कोपऱ्यात नव्हे. आग लागल्यावर कोपऱ्यात कोण जाणार? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीवर पसरते आणि ठिणगीची वाट पाहत बसते. तेव्हा पार्ट धुवायला पेट्रोल नको. पूर्वी प्रत्येक घरात रॉकेलचा डबा असे, आता रॉकेल शोधावे लागते, डिझेलवर भागवतो. गंजलेले नट रात्रभर त्यात भिजत घातले की सकाळी पोह्यांसारखे मऊ... मऊ नाही, पण निदान बोलायच्या मनःस्थितीत येतात. आणि शटर खाली ओढून इंजिन कधी चालू करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, तो पूर्वसूचना न देता येतो. मोटारीखाली शिरायचे असेल तर जॅकच्या भरवशावर शिरू नये हेही तसेच. जॅक उचलण्यासाठी, तोलून धरण्यासाठी खाली लोखंडी घोडी लावायची. मेस्त्रींच्या एका जोडीदाराची गोष्ट आहे, पण ती सांगताना मेस्त्री अर्ध्यावर थांबतात, म्हणून मीही थांबतो.

खरी अडचण होती सुट्या भागांची. गाडी खोलताना नट ज्या क्रमाने निघतात त्याच्या उलट क्रमाने बसवायचे, हे कळते सगळ्यांना. पण तासाभराने समोर बावीस नट आणि एकोणीस भोके अशी बेरीज उरते. बँकेत तीन रुपयांचा फरक आला तर आम्ही रात्री नऊपर्यंत थांबतो. हा ताळा जुळावा म्हणून मी घरातले सोळा इडल्यांचे इडलीपात्र मागितले. पहिल्या खळग्यात पहिल्यांदा निघालेले नट, दुसऱ्यात दुसऱ्यांदा, असे थाळ्याथाळ्याने.

"अहो, आणि इडल्या?" हिने विचारले.

नवे इडलीपात्र आणले, ते स्वयंपाकघरात गेले. खर्च वर्कशॉपच्या खाती पडला. मिसळणाच्या डब्याचे तेच झाले. त्याच्या सात वाट्यांत आता सात मापांचे वायसर आहेत. मोहरीच्या जागी सगळ्यात लहान.

वर्कशॉप सुरू झाल्याची बातमी गल्लीत पसरायला एक रविवार पुरला. पहिली आलेली गाडी दोन चाकांची नव्हती. तो शेजारच्या काकूंचा मिक्सर होता. मग कुकरचा दांडा आला, एका सायकलीचे डावे पायडल आले. (सायकलीच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात. ते उलटे फिरवावे लागते. हे ठाऊक नसलेले तीन सशक्त तरुण त्याच्याशी अर्धा तास झुंजून दमले होते. बाबांनी बसल्या जागेवरून सांगितले, "अरे, दुसरीकडे फिरवा." त्या दिवसापासून गल्लीत बाबांना मेस्त्री म्हणतात.)

आणि मग तिसरा प्रकार आला. मागून नेणारे. "साहेब, जरा बारा-तेरा मिळेल का? पाच मिनिटांत आणून देतो." या पाच मिनिटांना कोणत्याही पंचांगात आधार नाही. शेवटी मी रजिस्टर घातले. तारीख, नग, नाव, सही. नव्वद दिवस हप्ता न आलेले कर्ज आमच्याकडे अनुत्पादित धरतात. तोच नियम पान्यांना लावला. पहिल्या तिमाहीअखेर दोन पेचकस आणि एक पक्कड अनुत्पादित झाली. समोरचे निवृत्त तहसीलदार तर पाना परत करताना म्हणाले, "सही कशाला? आपला माणूस आहे मी." बँकेची निम्मी बुडीत कर्जे आपल्याच माणसांची असतात, हे त्यांना कसे सांगणार? तेव्हापासून बारा-तेरा मी दोन घेतले. एक वापरायचा, एक द्यायचा.

चेतकचे पहिले मोठे काम निघाले पावसाळ्याआधी. गाडी चढावर दम टाकू लागली. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलबरोबरच ऑइल पाजावे लागते, लिटरमागे वीस मिलीच्या हिशेबाने. ते ऑइल जळते आणि त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साठत जाते. गाडीला श्वास घेता येतो, सोडता येत नाही. बाबा स्टुलावर बसले होते. त्यांचे गुडघे आता किक मारू देत नाहीत आणि उजवा हात थरथरतो. पण कान शाबूत आहेत. "प्लग काढ," ते म्हणाले.

प्लग काढला. प्लगचा रंग बघून इंजिनाची प्रकृती कळते. काळा ओला म्हणजे खाणे जास्त, पांढराफटक म्हणजे उपासमार, आणि बदामी तपकिरी म्हणजे ठणठणीत. बाबांनी तो उजेडात धरला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांना रंग फार स्पष्ट दिसतात असे त्यांचे म्हणणे आहे. "हा आपल्या बँकेतला चहा," ते म्हणाले. "घरातल्या चहाचा रंग यायला पाहिजे." मग पॉलिश पेपरने प्लग घासला, फट सहा दशांश मिलिमीटरला आणली, सायलेन्सर उतरवून दुपारभर त्याची काजळी खरवडली. बाबांच्या थरथरत्या हातात मी कानस दिली तर व्हाइसला कोपर टेकताच हात थांबला. उंची बरोबर होती.

गाडीचे पासिंग दर पाच वर्षांनी करावे लागते. मागचे २०२३ साली झाले, पुढचे २०२८ ला. बाबा हात पुसत म्हणाले, "तोपर्यंत दोघांपैकी एकाचं तरी पासिंग होईलच." असल्या वाक्यावर काय बोलायचे असते ते कोणत्याही मॅन्युअलमध्ये दिलेले नाही. मी म्हणालो, "बाबा, बारा-तेरा द्या जरा."

पाडव्याला मेस्त्री खरेच दुकान बंद करून आले. पांढरा स्वच्छ सदरा, बोटांच्या रेषांतून मात्र पस्तीस वर्षांचे ग्रीस. वर्कशॉप बघितले. पाळण्यातल्या ट्यूब बघितल्या, इडलीपात्र बघितले, त्यावर काही बोलले नाहीत. व्हाइसचा दांडा एकदा फिरवून पाहिला. भिंतीवरचे पाने मी लहान-मोठे असे लावले होते. त्यांनी बारा-तेरा काढून सगळ्यात अलीकडे, दाराजवळच्या खिळ्याला अडकवला.

"आन् पुलर कुठं हाय?"

पुलर नव्हता. चेतकचे फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेले असते. नट काढला तरी ते हलत नाही, आणि हातोडी घातली तर क्रँक कामातून जातो. ते ओढून काढायला त्याच मापाचा पुलर लागतो. मी दुकाने पालथी घातली होती. आता ठेवत नाही साहेब, गिऱ्हाईक नाही, हेच उत्तर.

मेस्त्रींनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके काढले. आत पुलर, वापरून वापरून चांदीसारखा झालेला. बेंचवर ठेवला. मी पाकिटाला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या. रजिस्टरात लिवा."

मी रजिस्टर उघडले. तारीख, नग एक, नाव. परतीच्या रकान्यात काय लिहू विचारले, तर ते बाबांकडे बघून हसले आणि म्हणाले, "त्यो रकाना कशाला काढलायसा?"

तेवढ्यात दारात तहसीलदार उभे. "काय नवीन आलंय वाटतं? पाच मिनिटं मिळेल का?"